मुंबईच्या दमट हवेत त्वचेसाठी निसर्गोपचार: सुरुवात कुठून करायची, थांबायचं कुठे

मागच्या जूनमध्ये कांजूरमार्गहून एक बाई आल्या आणि बसायच्या आधीच त्यांनी हातातली कापडी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. अकरा डब्या-बाटल्या निघाल्या. मुलतानी माती, कडुनिंबाची पावडर, संत्र्याच्या सालीची पावडर, गुलाबपाणी, टी ट्री तेल, हिरवीगार कोरफड जेल, ॲपल सायडर व्हिनेगर, लिंबू-मधाचा घरी केलेला लेप, दोन प्रकारची उटणी आणि लेबल नसलेली एक पांढरी क्रीम. "डॉक्टर, सगळं नॅचरल आहे हो. मग चेहरा का जळतो?"

चेहरा खिडकीकडे वळवून पाहिला. गालांची कातडी पातळ आणि चकचकीत झाली होती, नाकाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यासारख्या लाल शिरा दिसत होत्या. त्या बिनलेबलाच्या क्रीमनं पाच महिन्यांत हे केलं होतं. जळजळ शमवायला म्हणून बाकीच्या दहा गोष्टी एकीवर एक चढत गेल्या होत्या.

मी दादरला निसर्गोपचाराची प्रॅक्टिस करते. असे चेहरे वारंवार समोर येतात, म्हणून हा लेख लिहिते आहे. निसर्गोपचारात त्वचेसाठी भरपूर आहे आणि माझा त्यावर मनापासून विश्वास आहे. पण त्याचा गाभा लेपांत नाही. त्रास देणारं आधी काढून घ्यायचं आणि मग पाणी, माती, ऊन, हवा, उपास यांच्या साध्या मदतीनं शरीराला सावरायला वेळ द्यायचा, अशी ती पद्धत आहे. १९४६ साली गांधीजींनी उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम काढला, तो गावातल्या गरिबाला परवडेल असा उपचार मिळावा म्हणून. आज त्याच नावावर आठशे रुपयांची बाटली विकली जाते तेव्हा मला वाईट वाटतं.

पहिली पायरी: काय झालंय त्याचं नाव शोधा

लेप लावण्याआधी हे ठरलं पाहिजे, कारण एकाला जे औषध तेच दुसऱ्याला विष.

तारुण्यपिटिका म्हणजे मुरुम असतील, तर काळी-पांढरी टोकं, लाल फोड, दुखऱ्या गाठी असं मिश्रण दिसतं. मुंबईच्या दमट हवेत कपाळावर आणि पाठीवर आणखी एक प्रकार खूप दिसतो: एकसारख्या आकाराच्या बारीक पुटकुळ्या, ज्यांना खाज येते. बरेचदा त्यामागे एक प्रकारची यीस्ट बुरशी असते, आणि तेल लावलं की ती वाढते. डोक्याला तेल चोपडून, केस घट्ट बांधून, तसंच झोपायची सवय असेल तर आधी ती सोडा.

वांग म्हणजे गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर येणारे तपकिरी पट्टे. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, ऊन आणि उष्णता ही त्याची नेहमीची कारणं. वांग असेल तर चेहऱ्याला वाफ अजिबात घेऊ नका. दोन-दोन तास गॅससमोर उभं राहणाऱ्या बाईचा वांग नुसत्या लेपानं का जात नाही, हेही त्यातून कळेल.

मानेवर, काखेत मखमलीसारखा जाड काळेपणा आला असेल तर तो मळ नाही. आया मुलींच्या माना दगडानं घासतात, मुलगी रडते, मान आणखी काळी होते. हा काळेपणा बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिनचं काम नीट चालत नसल्याची खूण असतो. अशा वेळी उटणं बाजूला ठेवून रक्तातली साखर तपासा, वजनाकडे बघा, मुलीची पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मूळ कारण सुधारलं की मान हळूहळू उजळते.

आणि नायटा. कडा उठलेला, मधे मोकळा, खाजणारा गोल चट्टा. पावसाळ्यात घरातल्या एकाला झाला की पाठोपाठ सगळ्यांना होतो. यावर मी स्वतः उपचार करत नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवते. बुरशी मारणारं औषध पूर्ण मुदतीचं घ्यावं लागतं, तेही घरातल्या बाधित सगळ्यांनी एकाच वेळी. माझं काम कपड्यांचं: आतले कपडे ओलसर घालायचे नाहीत, पावसात वाळले नाहीत तर इस्त्री फिरवायची, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.

फिकट आणि सुन्न डाग, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, तोंडात किंवा डोळ्यांशी फोड, तापासोबत आलेलं पुरळ, भरून न येणारी जखम यांपैकी काहीही असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि केईएम, सायन, नायर, जेजे यांपैकी जवळच्या रुग्णालयाच्या त्वचा विभागात केस पेपर काढा. सुन्न डाग कुष्ठरोगाचा निघाला तरी त्याचं औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं, आणि वेळेवर घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो.

दुसरी पायरी: दोन आठवडे सगळं बंद

सौम्य फेसवॉश, एक साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन ठेवा. बाकी सगळं कपाटात. उटणं, लेप, स्क्रब, टोनर, वाफ, काही नाही. यालाच मी त्वचेचा उपास म्हणते. बऱ्याच जणांची निम्मी तक्रार याच पंधरा दिवसांत कमी होते आणि उरलेली निम्मी नीट दिसायला लागते.

अपवाद दोन, आणि दोन्ही गंभीर आहेत. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलं असेल तर ती स्टेरॉइडची क्रीम आहे. २०१८ पासून अशा बऱ्याच क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी नाक्यावरच्या मेडिकलमध्ये "गोरं व्हायची" म्हणून त्या सर्रास मिळतात. महिनोन्‌महिने लावून त्या एकदम बंद केल्या तर चेहरा आगीसारखा लाल होतो, सुजतो, पुरळ उसळतं. घाबरून माणूस पुन्हा तीच क्रीम लावतो आणि चक्र सुरू राहतं. ही सोडवणूक डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी.

दुसरा अपवाद म्हणजे बिनलेबलाची किंवा परदेशी लिपीत काहीतरी लिहिलेली, आठ दिवसांत उजळवणारी क्रीम. तिच्यात पारा असू शकतो. पारा त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. ती नुसती कपाटात ठेवून भागणार नाही: ताबडतोब थांबवा, फेकू नका, डबीसकट डॉक्टरांना दाखवा. पायावर सूज किंवा लघवीला फेस असेल तर लघवीची तपासणी त्याच दिवशी करा.

तिसरी पायरी: पाणी आणि घाम

त्वचेचा पीएच साधारण ५ असतो, म्हणजे किंचित आंबट. साध्या साबणाचा ९ ते १०. दिवसातून चार वेळा साबण लावला की वरचं संरक्षक आवरण निघून जातं, त्वचा कोरडी पडते आणि तरीही तेलकट वाटते. चेहरा सकाळी आणि रात्री, दोनदाच फेसवॉशनं धुवा. लोकलमधून उतरल्यावर नुसतं गार पाणी मारा आणि धुतलेल्या सुती रुमालानं टिपा. टिपा म्हणते आहे, पुसा नाही. मळका रुमाल आठवडाभर खिशात ठेवण्यापेक्षा रोज एक धुतलेला ठेवा.

तुमच्याकडे पाणी कुठलं येतं तेही बघा. महापालिकेचं तलावाचं पाणी तसं मऊ असतं. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो आणि तोच चिकट थर अंगावरही राहतो. अशा घरांत साबण कमी करा, आणि शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या, निदान चेहऱ्यासाठी.

घामोळ्यांना निसर्गोपचारातली सगळ्यात साधी गोष्ट लागू पडते: गार पाण्याची ओली पट्टी. जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं कापड माठाच्या पाण्यात भिजवून, पिळून, पाठीवर दहा मिनिटं ठेवायचं, मग पंख्याखाली अंग कोरडं करायचं. पावडरीचे थर देऊ नका, घामाच्या वाटा आणखी बंद होतात.

चौथी पायरी: माती

इथे जरा थांबून सविस्तर सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्यांना सगळ्यात जास्त कुतूहल याचंच असतं आणि चुकाही इथेच होतात.

निसर्गोपचारातली माती जमिनीच्या वरच्या थरातली नसते. तीन-चार फूट खोलवरची, खत-कीटकनाशक न पडलेली माती घेतात, उन्हात वाळवतात, कुटतात आणि बारीक चाळणीनं चाळतात. मुंबईत सोसायटीच्या बागेतली किंवा कुंडीतली माती चेहऱ्याला लावू नका. रस्त्याकडेच्या मातीत काय काय मुरलेलं असतं ते सांगता येत नाही. निसर्गोपचार केंद्रातून तयार माती आणा, नाहीतर खात्रीची मुलतानी माती वापरा.

रात्री मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात चार चमचे माती घ्या, ती बुडेल एवढं उकळून गार केलेलं पाणी घाला. ढवळू नका, तिला आपोआप पाणी पिऊ द्या. सकाळी लाकडी चमच्यानं एकजीव करा. घट्ट दह्यासारखी झाली पाहिजे: चमचा उलटा केला तर सावकाश घसरेल, गळणार नाही. चेहरा धुऊन, डोळे आणि ओठांभोवती दोन बोटं जागा सोडून पातळ थर द्या. आता घड्याळ बघा. तेलकट त्वचेला दहा मिनिटं, मिश्र त्वचेला सहा-सात. कडा फिकट व्हायला लागल्या की धुवायची वेळ झाली. माती पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. ओली माती गारवा देते आणि तेल शोषते, पण कडक वाळलेली माती तेलाबरोबर त्वचेचं पाणीही ओढून घेते. धुताना आधी पाण्याचा हबका मारून मऊ करा, मग हातानं सोडवा. नखानं खरवडू नका.

आठवड्यातून एकदा पुरे, पावसाळ्यात तेलकट चेहऱ्याला फार तर दोनदा. उरलेली भिजवलेली माती दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. कोरडी त्वचा, इसब, फुटलेले फोड, कापलेली जागा, नुकतंच वॅक्सिंग किंवा पील (औषध लावून त्वचेचा वरचा थर काढणं) झालेलं असेल तर माती नको. उघड्या जखमेला माती लागली तर धनुर्वाताचा धोका असतो.

पाचवी पायरी: स्वयंपाकघर आणि देवघर

प्रत्येक नवी गोष्ट आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस लावून बघा. लेप असेल तर चेहऱ्यावर ठेवणार तेवढाच वेळ ठेवून धुवा. एका दिवसाची चाचणी पुरत नाही, ॲलर्जी कधीकधी चार-पाच दिवसांनी उठते.

चंदन वापरायचं तर खोड घ्या आणि सहाणेवर उगाळा. बाजारातल्या पावडरीत चंदनापेक्षा वासच जास्त असतो. सहाणेवर चमचाभर पाणी, खोड गोल गोल फिरवत राहायचं. पाच मिनिटांनी करंगळीवर येईल एवढं गंध निघतं आणि तेवढंच पुरतं. उन्हानं तापलेल्या चेहऱ्याला ते फार सुखावतं. वांग जाईल अशी अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नका.

कोरफडीचं पान कापल्यावर पंधरा मिनिटं तांब्यात उभं ठेवा. कापल्या जागेतून पिवळा चीक गळतो. तो त्वचेला झोंबतो, म्हणून तो गळू द्यायचा, पान धुवायचं, साल काढायची आणि आतला पारदर्शक गरच घ्यायचा. बाजारातल्या हिरव्या जेलचा हिरवेपणा रंगाचा असतो, पानातला गर पाण्यासारखा दिसतो.

लिंबू चेहऱ्याला लावू नका. त्याचा पीएच २ च्या आसपास असतो आणि त्यातली काही द्रव्यं उन्हात त्वचा भाजतात. कॉलेजात असताना मी लिंबू लावून धुतलं न धुतलं अशी चौपाटीवर गेले होते. गालावर बोटांच्या आकाराचे काळे डाग उठले, ते जायला चार महिने लागले. खायचा सोडा, टूथपेस्ट, लसूण, दालचिनी यांनाही चेहऱ्यावर जागा नाही. उटण्याच्या पुडीवर बावची लिहिलेली आहे का तेही वाचा. बावची कोडावर, उन्हासोबत, वैद्यांच्या सल्ल्यानं वापरायचं औषध आहे. उन्हात जायच्या आधी ती अंगाला लागली तर फोड येतात. दिवाळीचं उटणं वर्षातून चार दिवस, तेल लावलेल्या अंगाला, पहाटे. तसंच ठीक आहे. रोज घासायची ती गोष्ट नाही.

टाचांच्या भेगांसाठी कोकणातल्या माणसाला मी वेगळं काही सांगत नाही, गावाहून मुठेल आणायला सांगते. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल, कुणी भिरंडेल म्हणतं. पांढुरका, मेणासारखा टणक गोळा. तळहातावर घासला की अंगाच्या उबेनं विरघळायला लागतो. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पुसा, पळीत थोडं मुठेल वितळवून कोमट झाल्यावर भेगांत भरा आणि सुती मोजे घाला. आठ-दहा दिवसांत फरक दिसतो. मधुमेह असेल तर पाय आधी डॉक्टरांना दाखवा आणि गरम पाणी टाळा, पायाला चटका कळत नाही. खोबरेल कोरड्या अंगाला उत्तम, मुरुमाच्या चेहऱ्याला नको.

सहावी पायरी: ऊन

सूर्यस्नान हा निसर्गोपचाराचा भाग आहे, म्हणून लोक मला विचारतात की सनस्क्रीन कशाला? मी दोन्ही सांगते. सकाळचं कोवळं ऊन हातापायांना आणि पाठीला, पंधरा-वीस मिनिटं, चेहरा झाकून. चेहऱ्याला मात्र बारा महिने संरक्षण. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अतिनील निर्देशांक, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांच्या तीव्रतेचं माप, दहाच्या वर जातो, आणि ढगाळ दिवशीही ही किरणं बऱ्यापैकी पोचतात. काचेतूनही एक प्रकार आत येतो, त्यामुळे एसी बसच्या खिडकीशी बसलेलेही यातून सुटत नाहीत.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, निघायच्या पंधरा मिनिटं आधी. घाम पुसल्यावर आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा. रसायनं नको असतील तर झिंक ऑक्साइडचं घ्या. वांग असेल तर त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं, कारण वांग साध्या उजेडानंही गडद होतो. खोबरेलानं ऊन अडत नाही. छत्री अडवते, आणि ती पावसाळ्यापुरती ठेवायचं काही कारण नाही.

सातवी पायरी: ताट, झोप, उपास

मुरुमांचा गोडाशी आणि मैद्याशी संबंध आहे. पाव, बिस्किटं, दिवसाला पाच कटिंग आणि प्रत्येकीत दोन चमचे साखर, हे आधी निम्मं करा. जिमला जाणाऱ्या मुलांच्या पाठीवर अचानक मुरुम उठले तर मी पहिल्यांदा व्हे प्रोटीनचं विचारते. ते बंद करून उसळी, डाळ, अंडी यांवर आणलं की बरेचदा फरक पडतो. पण धीर धरा, वरची त्वचा बदलायला चार आठवडे किंवा थोडे जास्त लागतात आणि मुरुमांत स्पष्ट फरक दिसायला आठ ते बारा.

उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर नव्हेत. आठवड्यातून एक वेळ फळं, ताक आणि पाणी एवढ्यावर राहणं मुंबईच्या धावपळीत जमतं. मधुमेही, गरोदर, स्तनदा आणि कमी वजनाच्या माणसांनी तेही करू नये. कर्जत-विरारहून रोज प्रवास करणाऱ्याला आठ तास झोप सांगणं सोपं आहे, मिळणं कठीण. निदान गाडीतल्या त्या तासात मोबाइल बंद ठेवून डोळे मिटा.

आठवी पायरी: पार्लर, क्लिनिक आणि मशिनं

चेहऱ्याची मालीश, मातीचे लेप, गार-गरम पट्ट्या, चेहऱ्याचं ॲक्युपंक्चर हे साडेपाच वर्षांची निसर्गोपचार पदवी घेतलेली व्यक्ती करू शकते. यानं चेहरा ताजा दिसतो, ताण उतरतो, सूज कमी होते. खोल सुरकुती, मुरुमांचे खड्डे, नको असलेले केस यांना याचा उपयोग नाही, आणि मी तसं स्पष्ट सांगते. त्यासाठी पील, लेझर, मायक्रोनीडलिंग, बोटॉक्स, फिलर आहेत, ते त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच. पार्लरच्या आतल्या खोलीत कुणी इंजेक्शन देऊ लागलं तर उठून या. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारा, औषधाची बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा, संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. यात संकोच कसला?

दोन्ही उपचार सोबत करत असाल तर एकमेकांच्या कानावर घाला. पील किंवा लेझरच्या आधी आठवडाभर उटणं, स्क्रब, माती बंद, नंतर त्वचा पूर्ण शांत होईपर्यंत बंद. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर चेहऱ्याचं वॅक्सिंग करू नका, कातडी सोलून येते. त्या गोळ्या गर्भाला घातक आहेत, हेही लग्न ठरलेल्या मुलींनी लक्षात ठेवा.

लग्नाच्या तयारीसाठी मुली माझ्याकडे पंधरा दिवस आधी येतात. तीन महिने आधी यायला हवं. पहिला महिना बंद करण्याचा आणि तपासण्यांचा, दुसरा आणि तिसरा आहाराचा, मातीचा आणि लागल्यास क्लिनिकमधल्या उपचाराचा. शेवटच्या दोन आठवड्यांत नवं काहीही नाही, फेशियलसुद्धा नाही. मेंदी तासाभरात काळी होते असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, त्यात केस रंगवायचं रसायन असतं आणि हातावर नक्षीच्या आकाराचे फोड उठतात.

हळदीसाठी सुट्टी पिवळी पावडर आणू नका, तिच्यात रंगाची भेसळ असू शकते. हळकुंडं आणून घरी कुटा किंवा सहाणेवर उगाळा, त्यात दूध किंवा तेल घाला, आणि आठवडाभर आधी नवरीच्या कोपरावर लावून बघितलेली तीच हळद त्या दिवशी वापरा. मुरुम असतील तर चेहऱ्याला पाच सवाष्णींनी नुसतं बोटाचं टोक लावावं, बाकी हळद हातापायांना. काढताना साबण लावू नका. आधी तेलाचा हात फिरवून मऊ कापडानं टिपून घ्या, मग कोमट पाणी.